जुना फॅमिली फोटो परत तसाच काढायचाय, कुणी केलंय का?

ओटीवरची
गुहागरजवळ आमच्या घराच्या पायऱ्यांवर मे १९७८ मध्ये काढलेला एक फोटो आहे, काकाने आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेला, चौकोनी, ब्लॅक अँड व्हाइट. मधे आजी खुर्चीत, बाजूला आत्या, आणि पायऱ्यांवर आम्ही सगळी भावंडं दाटीवाटीने, निम्म्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले. आता डिसेंबरात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे, सगळे येणारेत, एक भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तर तोच फोटो तिथेच परत काढायचं चाललंय. पण आजी नाही, काका नाही, आणि मधल्या पायरीवर डावीकडून दुसरा बसलेला आमचा दादा गेल्या वर्षी गेला. वहिनी येणारे. त्याच्या जागेचं काय करायचं हे कुणी बोलतच नाहीये. शिवाय पायऱ्या जांभ्याच्या तशाच आहेत पण ओटीला ग्रिल बसलंय. कपडे पण तसेच शिवायचे का?

रोलवाला
कपड्यांचं नंतर बघा, आधी कॅमेरा कुठे होता ते शोधा. क्लिक थ्रीला १२० चा रोल लागायचा, १२ फोटो. मोबाईलचा साधा कॅमेरा तिच्यापेक्षा बराच रुंद बघतो, म्हणून आपण जवळ जातो आणि कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात. झूम दीड ते दोनपट ठेवा आणि मागे खळ्यात सरका. जुन्या फोटोत आजीच्या डोक्यामागे खांब कुठे येतो, खालच्या पायरीची कड कुठे कापली जाते ते बघत बघत जागा जुळवा, हे काम आदल्या दिवशी दोघांनीच करून खळ्यात खडूने खूण करून ठेवा, म्हातारी माणसं ताटकळत बसवू नका. आणि तीच वेळ गाठली तरी ऊन तसं मिळणार नाही, मे मध्ये कोकणात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, डिसेंबरात दक्षिणेला कललेला. पायऱ्यांवर सगळीकडे सारखी सावली असेल तेव्हाच काढा. तेव्हा फोटोवाल्याच्या पाठीशी सूर्य ठेवायची पद्धत होती म्हणून सगळ्यांचे डोळे बारीक आहेत, ते आता मुद्दाम करू नका.

तगर
कपड्यांबद्दल मला वेगळं वाटतं. अर्जेंटिनाची इरिना वर्निंग लोकांचे लहानपणचे फोटो मोठेपणी परत काढते, कपडे, मागची भिंत, उजेड सगळं जुळवून, आणि त्या जुळवाजुळवीमुळेच चेहऱ्यातला फरक एकदम अंगावर येतो. सगळं शिवायला नको, पण आत्याची ती साडी ट्रंकेत असली तर नेसवाच.

माईंची नात
दादाची जागा रिकामी ठेवा. आमच्याकडे बाबांच्या जागी हार घातलेला फोटो मांडला होता आणि बघणाऱ्याची नजर सगळी त्या हाराकडेच जाते, बाबा कसे पाय पसरून बसायचे ते कुणाला आठवतही नाही. तुमच्याकडे बाकीचे आपापल्या जागी बसले की ती जागा त्याचीच राहील. निकोलस निक्सनने बायको आणि तिच्या तीन बहिणींचा फोटो १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी काढला, डावी-उजवीकडचा क्रम कधी बदलला नाही, म्हणून कुठलेही दोन फोटो शेजारी ठेवले तरी कोण कोण ते लगेच कळतं. फक्त वहिनींना आधी विचारा, ग्रुपवर नाही, फोन करून.

ओटीवरची
काल केला वहिनीला फोन. ती खूप वेळ बोलली दादाबद्दल, त्या फोटोत त्याच्या हातात भोवरा आहे हे मला माहीतच नव्हतं. म्हणाली आधी जागा रिकामी ठेवून एक काढा, मग तिथे माझा मुलगा बसेल आणि दुसरा काढा. ग्रिल मागे दिसलं तर दिसू दे असं सगळ्यांचं मत पडलं. आत्याची साडी मिळाली, विरलीये, खांद्यावर पदर पुरता घेणार. आता एकच, मूळ फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, स्कॅन कसा करू?

रोलवाला
ओढू नका अजिबात, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच स्कॅनरवर ठेवा, ६०० डीपीआयला. त्याची एक मोठी प्रिंट काढून आत्यांच्या हातात द्या आणि कोण कोण आहे ते विचारून मागे शिसपेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनचे वळ पुढे उठतात. आणि काकांच्या निगेटिव्ह कुठे पाकिटात आहेत का तेही त्यांनाच विचारा, त्या मिळाल्या तर स्कॅन त्यांचाच करा.