मराठी पिक्चरलाही आठ आठवडे? बेळगावात तो आठवडाभर तरी टिकतो का?

टिळकवाडीकर
हिंदी पिक्चर थिएटरात लागला की आठ आठवडे ओटीटीवर यायचा नाही, असा मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह. कायदा नव्हे हा, धंद्यातला करार. खरं मोडला तर पडदाच मिळत नाही. 2023 ला 'लिओ' हा तमिळ पिक्चर महिन्याभरातच नेटफ्लिक्सवर येणार होता, म्हणून त्याची हिंदी आवृत्ती मोठ्या साखळ्यांनी लावलीच नाही. दक्षिणेत चार आठवडे चालतात, हिंदीत आठ. आता मराठीलाही आठ करा म्हणणारे आपल्यात बरेच आहेत.

मी विरोधात. पुण्या-ठाण्यात चांगला मराठी पिक्चर महिनाभर पाय रोवून उभा राहतो. इथं शुक्रवारी लागतो, दुपारचा एकच शो, आणि पुढच्या शुक्रवारी मोठा कन्नड नाहीतर तेलुगू आला की उतरला. दुपारी उद्यमबागेतलं कारखान्याचं काम सोडून कोण जाणार? महाराष्ट्र सरकारनं 2015 ला मल्टिप्लेक्सना मराठी शो बंधनकारक केले, त्या हुकमाची हद्द सीमेवरच्या शिनोळीला संपते. मग उरलेले सात आठवडे आम्ही काय पोस्टर बघत बसायचं? 'पावनखिंड' 18 फेब्रुवारी 2022 ला लागला, महिन्यानं प्राईमवर आला. कुणाचं थिएटर बुडालं त्यानं? मराठीला चार बस्स.

खडेबाजार
आमच्या घरात थिएटरचा धंदा होता, म्हणून बोलतो. 2009 ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सचं भांडण मिटलं तेव्हा ठरलेला हिशेब असा : कर वजा जाता पहिल्या आठवड्यात निर्मात्याला 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, पुढं 30. म्हणजे तिकिटातला थिएटरचा वाटा वाढतो तो उशिरा येणाऱ्या माणसावर. आणि उशिरा येणारा तोच, जो म्हणतो, "येईल की मोबाईलवर, कशाला जायचं?" त्यालाच तू घरी बसवूलालास. प्रोजेक्टर, एसी, डोअरकीपर यांचा खर्च वीस माणसं आली तरी तेवढाच. एक पडद्याची थिएटरं एकेक करून मंगल कार्यालयं झाली ती काय हौस म्हणून?

निपाणीची सून
खर्चाचं बोलाच. आम्ही मराठी पिक्चरला कोल्हापूर गाठतो. गाडीचं पेट्रोल, कोगनोळीचा टोल, पाच तिकिटं, मध्यंतरात पोरांचं पॉपकॉर्न (ते तिकिटापेक्षा महाग). आमिर खाननं 'सितारे जमीन पर' 20 जून 2025 ला थिएटरात लावला आणि 1 ऑगस्टला यूट्यूबवर 100 रुपयांत दिला. सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांनी मिळून बघितला. शंभरात आख्खं घर! मराठीवाले हे का करत नाहीत?

बाराबंदी
आठ काय नि चार काय. टेलिग्रामवर दुसऱ्या दिवशी असतो.

मास्तर (शहापूर)
@बाराबंदी, सिनेमाच्या कायद्यात 2023 ला झालेल्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून चित्रीकरण केलं तर कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. जपून लिहा.

@निपाणीची सून, आमिरच्या पिक्चरला शंभर रुपये देणारे देशभर आहेत. मराठीला आधी गिऱ्हाईक कुठून आणायचं? ओटीटीवाला गल्ला विचारतो. गल्ला नसेल तर पिक्चर घेतच नाही, किंवा "जेवढे तास बघतील तेवढे पैसे" म्हणतो. चार आठवड्यांची तारीख आधीच जाहीर केली की तिकीटबारी ओस, आणि बारी ओस पडली की ओटीटीचा भाव पडला. दोन्हीकडून निर्माताच मार खाणार.

कणकुंबीचा
तुम्ही शहरातले भांडूलालेत, इकडं रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागतंय. पावसाळ्यात लाईट गेली की ओटीटी काय नि पोटीटी काय.

आमच्याकडं पिक्चर कायम उशिराच आला. आधी शहरात जुनी झालेली पेटी तंबूत यायची, रिळं घासलेली, एखादं गाणं मधेच कापलेलं. मग व्हिडिओ आला. यात्रेला टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे, देवळासमोर टेबल मांडून रात्रभर तीन पिक्चर. चित्र लोळायला लागलं की एकजण कॅसेट काढून फुंकर मारायचा, तोवर पोरांची शिट्टी. पुढं 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं 28 रुपयाला व्हीसीडी काढली, तेव्हा पहिल्यांदा गावात लोकांनी पिक्चर विकत घेतले. थांबायला आमची ना नाही. खरं शेवटी बघायला मिळणार का, एवढं सांगा.

टिळकवाडीकर
हेच म्हणतोय मी! मास्तर, तुमचा गल्ल्याचा मुद्दा पुण्याला लागू. इथं गल्ला व्हायला शो तर पाहिजे. जिथून पिक्चर उतरला तिथं तो भाड्यानं बघायला द्या, तिकिटाएवढे पैसे घ्या.

मास्तर (शहापूर)
फक्त बेळगावपुरतं कोण सोडेल? इकडं उघडलं की तासाभरात त्याची चोरीची प्रत कोल्हापुरात. बाराबंदी बसलेतच.

खडेबाजार
टिळकवाडीकर, तिकिटाएवढे म्हणजे किती? सप्टेंबर 2025 ला कर्नाटक सरकारनं तिकिटाला कर सोडून 200 रुपयांची मर्यादा घातली, हायकोर्टानं लगेच स्थगिती दिली. आधी भाव तरी ठरू दे.

दुसरं, दुपारचा शो देतात तो काय मराठीवर राग म्हणून नव्हे. मालक बुकिंग बघतो. गुरुवारपर्यंत रविवारच्या संध्याकाळची शंभर तिकिटं कुणी हातात ठेवली, तर तो भाषा विचारत नाही, शो देतो. आमच्याकडं महिला मंडळं यायची तसंच. चिठ्ठीवर नावं, पैसे आगाऊ.

निपाणीची सून
खरं आहे. आमच्या भिशीच्या बायकांनी गेल्या वर्षी असाच सहाचा शो मिळवला. फक्त मॅनेजरनं पंधरा तिकिटं कमी पडली म्हणून फरक आमच्याकडून घेतला.

टिळकवाडीकर
बघा! प्रेक्षकानं तिकिटं विकायची, कमी पडली तर भरायची पण त्यानंच, आणि वर आठ आठवडे थांबायचं. मी चारवरच आहे.

खडेबाजार
रहा. शंभर जमव आधी, मालकाशी मी बोलतो.