मुळं तपकिरी पडली आहेत, रोपं वाचतील का?

२० लिटरच्या पारदर्शक डब्यात, मातीशिवाय, नुसत्या खतपाण्यात, हवेचा पंप न लावता लेट्यूसची ४ रोपं लावली आहेत. झाकणाला भोकं पाडून जाळीचे कप बसवले. पहिले १२ दिवस मुळं पांढरीशुभ्र होती, रोज झाकण उचलून बघायचे. आता पाणी हिरवट झालंय, मुळं बुळबुळीत, आणि दुपारी पानं माना टाकतात. पाणी उतरलं की मी लगेच काठोकाठ भरते. फार जीव लावलाय हो यांना.

प्रतिसाद १
काठोकाठ भरणं आजच थांबवा. या क्रॅट्की पद्धतीत (पंपाशिवाय, साठवलेल्या खतपाण्यात रोपं वाढवायची पद्धत) पाणी उतरतं तशी वरची मुळं मोकळ्या हवेत येतात आणि तिथूनच प्राणवायू घेतात. ती परत बुडवली की रोप गुदमरतं. माझीही पहिली खेप अशीच गेली होती, फार वाईट वाटलं होतं. डबा घासून धुवा, खतपाणी नवीन करा, पण कपाखाली ४-५ सेंटीमीटर जागा सोडा. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ असू द्या.

प्रतिसाद २
हिरवट रंग म्हणजे शेवाळ. डब्यात उजेड शिरतोय. बाहेरून काळा रंग द्या, त्यावर पांढरा, म्हणजे पाणी तापणार नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

मूळ प्रश्नकर्ती
डबा रंगवला, पाणी बदललं. आज आठवा दिवस. दोन रोपं गेली, पण उरलेल्या दोघांना कपाच्या जाळीतून बारीक पांढरी मुळं फुटली आहेत!