मदत हवी आहे: आईला टकळी येते, पण ड्रॉप स्पिंडलवर लोकर सारखी तुटतेय. राइनबेकला जाऊन नक्की काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आई ऑगस्टपासून माझ्याकडे एडिसनला, न्यू जर्सीत आलीये. वय ७१. मूळची वर्धा जिल्ह्यातली, शाळा पण तिकडचीच, त्यामुळे लहानपणी रोज टकळीचा तास. वर्गात कोणाचं सूत बारीक यावरून मुलींची चढाओढ असायची, ६४० तारांची एक गुंडी भरली की गुरुजी नाव घ्यायचे, हे सगळं मी शंभर वेळा ऐकलंय पण तिला कातताना कधी बघितलं नव्हतं. यावेळी बॅग उघडली तर साड्यांच्या मध्ये रुमालात गुंडाळलेली पितळेची टकळी. म्हणाली, तुझ्याकडे दिवसभर एकटीच असते ना, म्हणून आणली.

मग फार्मसीतून कापसाचा रोल आणला. तो कापूस धुतलेला असतो, त्यात जीव नाही असं ती म्हणाली, पण तरी बोटांनी पिंजून पिंजून त्याचे पेळू (कातायच्या वळ्या) केले, टकळीचं टोक वाटीत टेकवलं आणि सुरू. उजव्या हाताची चुटकी, डावा हात हळूहळू वर जातोय खांद्यापर्यंत, आणि अंगठा आणि बोटाच्या फटीतून सूत निघतंय, शिवणाच्या दोऱ्याइतकं बारीक. मध्येच हात थांबतो, सूत टकळीवर गुंडाळलं जातं, परत चुटकी. साठ वर्षांनी! मी भांडी तशीच ठेवून बघत बसले.

आता मुद्द्यावर येते. मी स्वतः तीन वर्षं विणकाम करते, सुयांचं, आणि ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे राइनबेकचं कळलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीजवळ राइनबेक नावाचं गाव आहे, तिथल्या डचेस काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी मेंढ्या आणि लोकरीचा मोठा मेळा भरतो. मेंढ्या, अल्पाका, अंगोरा ससे, कातरलेली कच्ची लोकर, रंगवलेली लोकर, चरखे, टकळ्या सगळं असतं, आणि लोक वर्षभर खपून विणलेला स्वेटर तिथे पहिल्यांदा घालतात. आमच्याकडून गाडीने दोन-सव्वादोन तास. आईला न्यायचं ठरवलं आणि म्हटलं जाण्याआधी तिला लोकरीचा थोडा सराव होऊ दे, म्हणून ऑनलाइन एक किट मागवलं, लाकडाची ड्रॉप स्पिंडल (धाग्याला लटकत फिरणारी टकळी, चकती वर, त्यावर हूक) आणि सोबत मेरिनो मेंढीची पांढरीशुभ्र लोकर.

आणि तिथे सगळं बिनसलं. आईने मेरिनोचा पट्टा हातात घेतला, कापसासारखाच धरला, स्पिंडलला गिरकी दिली आणि दोन फुटांवर धागा तुटून स्पिंडल खाली. परत जोडला, परत खाली. कधी लोकर ओढली तरी सुटतच नाही, दोरखंडासारखी घट्ट, आणि जोर लावला की एकदम सगळी हातात येते. पाच-सहा वेळा फरशीवर आपटून हुकाच्या बाजूला टवका उडाला. शेवटी तिने ते सगळं नीट पिशवीत भरून ठेवलं आणि म्हणाली, "माझा हात गेला आता." त्या दिवसापासून तिने पितळेची टकळीपण बाहेर काढलेली नाही. दोन आठवडे झाले.

मला हेच फार लागलंय. तिचा हात गेलेला नाही, मी बघितलाय तो, पण मला स्वतःला कातता येत नाही तर तिला समजावू कसं? यूट्यूबवर सगळे शून्यापासून शिकवतात, ज्याला कापूस येतो त्याने लोकरीसाठी काय बदलायचं हे कुणी सांगत नाही.

तर जाणकारांनो, कापसाचा हात असलेल्या माणसाने लोकर कातताना नेमकं काय वेगळं करायचं? स्पिंडल चुकीची आहे का लोकर चुकीची? (स्पिंडल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ८२ ग्रॅम भरली.) राइनबेकला गेल्यावर कुठल्या मेंढीची लोकर घेऊ, किती घेऊ, आणि ती अख्खी कच्ची लोकर मिळते ती घेण्यात अर्थ आहे का? आईचे गुडघे दुखतात, तर शनिवारी जावं की रविवारी? आई शाकाहारी आहे, तेही सांगा. प्लीज कुणी "काकूंना दुसरा छंद लावा" असं लिहू नका.

---

लोकरवेडी

ताई, काकूंचा हात गेलेला नाही, उलट हात फार चांगला आहे म्हणूनच तुटतंय. त्या सवयीने शिवणाच्या दोऱ्याइतकं बारीक कातणार आणि खाली ८२ ग्रॅमचा लोंबता भार, मग तो धागा टिकणार कसा? टकळीचं वजन वाटी पेलते, सुतावर काहीच येत नाही. ड्रॉप स्पिंडल धाग्यालाच लटकलेली असते. एवढी जड जाड धाग्याला ठीक, बारीक कातणाऱ्याला २५-३० ग्रॅमची घ्या.

दुसरं म्हणजे हातांमधलं अंतर. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, त्यामुळे दोन्ही हात जवळ ठेवून चालतं. मेरिनोचा तंतू साधारण तीन इंच, काही मेंढ्यांचा पाच-सहा इंच. दोन्ही हात जवळ धरले की एकाच तंतूची दोन टोकं दोन्ही हातांत येतात, मग कितीही ओढा, सुटणार नाही. तुम्ही ते दोरखंडासारखं लिहिलंय ना, ते हेच. काकूंना सांगा, लोकरीतून एक बट उपसून तिची लांबी बघा आणि हात त्याहून जास्त लांब ठेवा, बस. आणि पीळ दोन हातांच्या मध्ये शिरू द्यायचा नाही, आधी पातळ ओढायचं, मग पीळ सोडायचा.

तिसरं, स्पिंडल फिरायची थांबली की उलटी फिरते आणि दिलेला पीळ उकलतो, तेव्हा हमखास पडते. सुरुवातीला लटकवूच नका. बसून गिरकी द्या, स्पिंडल गुडघ्यांमध्ये दाबून धरा, मग दोन्ही हात मोकळे, निवांत ओढत पीळ वर चढू द्या. पीळ पुरेसा आहे का बघायला धागा थोडा सैल सोडा, स्वतःवरच गुंडाळून छान दोरी झाली तर पुरेसा.

मेरिनो सध्या बाजूला ठेवा, नवीन माणसाला ती निसरडी लागते आणि पाकिटात दाबली गेली की चिकटून बसते. कॉरिडेल किंवा ब्लूफेस्ड लेस्टर मेंढीची घ्या, तंतू लांब, पकड चांगली. रॉम्नीपण सोपी, पण जरा खरखरीत.

---

माणदेशी

धागा वाचून आमचे आजोबा आठवले. मेंढरांमागं चालता चालता टकळी चालूच, लोकरीचा पेळू मनगटाला गुंडाळलेला. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ, वर्षातून दोनदा कातरतात, आणि तिचंच सूत सनगरांकडं जाऊन घोंगडं व्हायचं, चिंचोक्याची खळ लावून. आईंना सांगा, टकळीवर लोकर कातणं आपल्याकडं कधीपासूनचं आहे, परकं काही नाही. आणि लोकरीचा मेळा म्हणाल तर आमच्या भागातली माणसं पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जातात, तीपण ऑक्टोबरच्याच सुमारास असते, तिथं भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात.

एक विचारतो, त्यांची स्वतःचीच पितळेची टकळी लोकरीला का नाही वापरत? वाटीत टेकवून?

---

लोकरवेडी

माणदेशी, अगदी बरोबर, माझ्याकडून राहिलंच. वाटीत टेकवून कातायची सपोर्ट स्पिंडल इथे लोक मुद्दाम विकत घेतात. मेरिनोसारख्या बारीक लोकरीला ती उत्तम, धाग्यावर भार नाही. पट्ट्यातून वीतभर तुकडा घ्या, बोटावर आडवा दुमडा आणि त्या घडीतून ओढा. ताई, आजच करून बघा, काही विकत घ्यायला नको.

---

तळ्याकाठी

मी इंग्लंडमध्ये असते, राइनबेक बघितलं नाही, पण कंब्रियातल्या कॉकरमाउथला वूलफेस्ट भरतो, जूनच्या शेवटी, २००५ पासून. गुरांच्या लिलावाच्या जागेत असतो, जनावरांच्या कठड्यांमध्येच दुकानं थाटतात. तिथे मी पहिल्या वर्षी उत्साहात अख्खी कच्ची लोकर घेतली होती, त्याचा अनुभव सांगते. एका मेंढीची लोकर म्हणजे काही किलो, तेलकट, शेण-काडी सकट, धुतल्यावर वजन पुष्कळ घटतं आणि अपार्टमेंटमधल्या बाथटबमध्ये धुणं म्हणजे आठवडाभराचं काम. गरम पाण्यात चोळलीत तर घट्ट चिकटून नमदा होऊन बसते. तुम्ही धुवून विंचरलेली, वेणी घातलेली घ्या, इथे १०० ग्रॅमची मिळते, तुमच्याकडे ४ औंसांची असेल. दोन वेण्या पुष्कळ झाल्या. कच्च्या लोकरीला हात मात्र लावू द्या आईंना, बोटं लॅनोलिनने (लोकरीतल्या तेलाने) मऊ होतात आणि तो वास एकदा घ्यावाच.

---

हडसनकर

राइनबेकला चार वेळा गेलोय, बायको विणते, मी पिशव्या धरतो. शनिवारी सकाळी रूट ९ वर गाड्यांची रांग लागते, कच्च्या लोकरीच्या विक्रीला पण लोक उघडायच्या आधीपासून उभे असतात. गुडघे दुखत असतील तर रविवार. रंगीत वेण्या थोड्या कमी उरतात पण साधी लोकर भरपूर असते आणि दुकानदार बोलायला मोकळे असतात, स्पिंडल हातात घेऊन फिरवून बघू देतात, त्याशिवाय घेऊच नका. घडीची खुर्ची न्या, मैदान मोठं आहे. सकाळी थंडी असते, दुपारी स्वेटर काढावा लागतो. तळलेले आर्टिचोक शाकाहारी, पण रांग मोठी. घरून दशम्या न्या, सरळ. मेंढ्यांच्या गोठ्यांत आणि कुत्रे मेंढ्या हाकतात ते बघण्यात आईंचा वेळ मजेत जाईल.

---

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशिरा लिहितेय कारण काल रात्री जागरण झालं, का ते सांगते.

मी आईला काही समजावलं नाही, फक्त मेरिनोची एक बट उपसून तिच्या तळहातावर ठेवली आणि शेजारी कापसाचे तंतू ठेवले. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, एवढी लांब? मग हात लांब नको का धरायला?" मी एक शब्द न बोलता माणदेशींनी सांगितलेली वाटी आणून दिली. पितळेची टकळी, बोटावर दुमडलेली लोकर, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला धागा निघाला. आधी गाठीगाठीचा, मग हळूहळू सारखा. साडेअकराला मी झोपायला सांगितलं तर "हा पेळू संपू दे" म्हणाली. त्याला पेळूच म्हणतेय ती! पावणेएकला दिवा बंद झाला.

माणदेशी, तुमच्या आजोबांचं वाचून दाखवलं तिला. विचारतेय की मनगटाला गुंडाळलेला पेळू चालताना सुटत नाही का, आणि लोकर डाव्या मनगटाला की उजव्या? जमलं तर नक्की लिहा, ती वाट बघतेय.

तिकिटं रविवारची काढलीत. यादीत कॉरिडेलच्या दोन वेण्या, एक काळी आणि एक पांढरी (काळी तिने सांगितलीये, दोन्ही धागे एकत्र पिळून बघायचेत म्हणे), आणि ३० ग्रॅमच्या आतली एक स्पिंडल, ती तिने स्वतः फिरवून निवडायची. लोकरवेडी, दोन धागे एकत्र पिळताना स्पिंडल उलट्या बाजूला फिरवायची ना? आणि कातलेलं सूत धुवायचं कसं, तेवढं सांगून ठेवा, कारण आमच्याकडे कालची पहिली छोटी लडी खुर्चीच्या पाठीवर लटकतेय आणि सारखी वळतेय.

---

लोकरवेडी

हो, उलट्याच बाजूला, नाहीतर दोन्ही सुतं एकमेकांना धरणार नाहीत. धुवायला कोमट पाणी, दोन थेंब साबण, लडी चार ठिकाणी सैल बांधून नुसती बुडवून ठेवायची वीस मिनिटं, चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि टांगायची. वळणं बसतील. काकूंना फोटो टाकायला सांगा.