अनुभव धागा: संग्रहातला एकच दगड ठेवायचा, तर कोणता?

कातळवेडा
परवा नाशिकजवळ आडगावकडे विहिरीचा काळा दगड भरलेली ट्रॉली दिसली, आत पांढरं काहीतरी चमकत होतं. जुने दिवस आठवले, म्हणून हा धागा. स्वतःच्या संग्रहातला एकच नमुना निवडायचा. तोच का, तो ओळखायचा कसा, राखायचा कसा, ते लिहा. 'फार सुंदर आहे' एवढ्यावर भागवू नका.

माझा पॉवेलाइट. पांडवलेण्याच्या डोंगरांमागच्या जुन्या दगडखाणीतला, स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजावर बसलेला, मधाळ पिवळा, दोन्ही टोकांना निमुळता. हा कॅल्शियम मॉलिब्डेट. घनता ४.२ च्या आसपास, खालच्या स्टिल्बाइटची जेमतेम २.२. पण दोन्ही एकाच दगडावर असले की हातात तोलून काही कळत नाही, तिथे दिवा लागतो. २५४ नॅनोमीटरच्या शॉर्टवेव्ह अतिनील (यूव्ही) दिव्याखाली तो पिवळट क्रीम रंगाने उजळतो. नोटा तपासायचा टॉर्च चालत नाही, तो ३६५ किंवा ३९५ चा असतो आणि त्यात कॅल्साइटही कधीकधी चमकतं, की झालाच घोटाळा. कपाटाच्या काचेबाहेरूनही दिवा मारू नका, साधी काच २५४ अडवते. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच, त्या प्रकाशाने डोळे भाजतात.

कठीणता (मोहसच्या १ ते १० मापावर) साडेतीन ते चार, म्हणजे तांब्याच्या नाण्याच्या जवळपास. धार एकदा घासली गेली की गेली. माझ्याकडे तो सुट्या खणात असतो, शेजारी दुसरा दगड नाही.

खडीक्रशर_शिंदे_पळसे
एकच ठेवायचा नियम ज्याने केला त्याचं कपाट आधी बघायचंय 😄

माझा ॲपोफिलाइट, पाणीदार, साधारण घनाकार दिसणारा. नवीन मंडळी त्याला क्वार्ट्झ म्हणतात, कोणी फ्लोराइटही म्हणतं. घन वाटला तरी तो घन नाही. सहा पृष्ठभाग नीट बघा. समोरासमोरच्या दोनांवर मोत्यासारखी झळाळी असते, उरलेल्या चारांवर उभ्या बारीक रेघा. खऱ्या घनाचे सहाही पृष्ठभाग सारखेच असायला हवेत. सुईचीसुद्धा गरज नाही, दिव्याखाली फिरवला की कळतं.

मोत्यासारखी झळाळी जिकडे, तिकडेच तो फुटतो. तळाला समांतर एकदम स्वच्छ पापुद्रा सुटतो. त्यामुळे त्याला वरून दाब नको आणि गरम पाणी तर अजिबात नको. उन्हात तापलेल्या दगडावर नळाचं गार पाणी सोडलं की आत चंदेरी पट्टी येते, ती पुन्हा जात नाही. पाणी आणि दगड एकाच खोलीत तासभर ठेवा, मग धुवा.

आणि हो, ॲपोफिलाइट झिओलाइट (ज्यांच्या सांगाड्यातल्या पोकळ्यांत पाणी असतं तो खनिजांचा गट) नाही. दुकानदार सगळ्यांना झिओलाइटच म्हणतात, चालायचंच. ओकेनाइट, गायरोलाइटही झिओलाइट नाहीत.

सिन्नर_फाटा
+१ त्या चंदेरी पट्टीला. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकणारेही भेटतात. चष्म्याच्या दुकानातलं मशीन चष्म्यासाठीच ठेवा.

द्राक्षमळा
माझा स्कोलेसाइट. एका बुंध्यातून चहूकडे सुटलेल्या काड्या, सर्वात लांब काडी बोटभर. ओळख सोपी नाही हे आधी सांगतो. स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट तिघेही पांढऱ्या सुया, फरक कॅल्शियम-सोडियमचा. जाड काडी असेल तर टोकाजवळ भिंगातून व्ही आकाराच्या रेघा शोधा, दिसल्या तर जुळे स्फटिक आहेत आणि स्कोलेसाइटची शक्यता चांगली. केसासारख्या बारीक असतील तर प्रयोगशाळेशिवाय नाव ठामपणे लिहू नका. लेबलवर 'नॅट्रोलाइट गट' लिहिलं तर कमीपणा नाही.

खरा प्रश्न पाठवण्याचा. आमच्याकडे द्राक्षाच्या पेट्या पडलेल्या असतात, त्या याला उत्तम. पेटीच्या तळाला थर्माकोल, त्यात दगडाचा पाया बसेल एवढाच खळगा, पाया दोऱ्याने थर्माकोलमधून ओवून बांधायचा. सुयांना कशाचाही स्पर्श नको. कागद नको, बबल शीट नको, कापूस तर मुळीच नको, तो सुयांत अडकतो आणि काढताना सुयाच येतात. मग ही पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत, चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर कागदाचे बोळे. आतली पेटी हलवून बघा, टकटक आवाज आला तर पुन्हा बांधा. बाहेर 'वरची बाजू' लिहा, पण कुरिअरवाला ते वाचेल असं धरून चालू नका.

गोदाकाठची_ताई
@द्राक्षमळा दादा, पेट्या कुठे मिळतील? रिकाम्या विकत देतात का?

द्राक्षमळा
ताई हंगामात कुठल्याही पॅकिंगवाल्याकडे विचारा. आता पावसाळ्यात घेऊ नका, पुठ्ठा ओल धरतो.

सुट्टीतला_मास्तर
मला लोमोंटाइट हवा, कारण तो टिकवायलाच कसब लागतं. विहिरीतून निघतो तेव्हा पाणीदार असतो. कोरड्या हवेत त्याच्यातलं पाणी उडतं, आधी पांढरट होतो, मग भेगा, मग बोट लागलं की भुगा. मार्च-एप्रिलमधली आपली हवा त्याला पुरते.

दोन वाटा आहेत. एक, घट्ट झाकणाचा डबा, आत ओला स्पंज एका वाटीत, दगडाला न लागता. बुरशीवर नजर ठेवावी लागते. दोन, पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळवून, १०० मिलिमध्ये ५ ग्रॅम. संग्रहालयवाले हेच वापरतात. ब्रशने नाही, ड्रॉपरने खालून सोडायचं, ते स्वतःहून वर चढतं. घट्ट केलंत तर वर चकाकी येते आणि आत पोचतच नाही. पातळ द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. ॲसिटोन पेट घेतं, गच्चीत करा, गॅसजवळ नको. नंतर हवं तर ॲसिटोननेच काढता येतं, म्हणून फेविक्विकपेक्षा शंभर पटीने बरं.

खडीक्रशर_शिंदे_पळसे
फेविक्विकचं नाव काढलंत म्हणून. मोकळा ॲपोफिलाइट दगडावर चिकटवून विकणं हा धंदाच आहे. सांध्यावर दहापट भिंग लावा. बुडबुडे दिसले, किंवा सांध्याभोवतीच बारीक भुकटी पसरलेली दिसली, की समजा डिंक झाकलाय. नोटांचा टॉर्च इथे मात्र कामाचा, बरेचसे गोंद निळसर चमकतात.

नवखा_नाशिककर
मी गुलाबी ओकेनाइट घेतला. गोल वाटीत गुलाबी केसाळ गोळे. कोणत्या खाणीतला असावा? फोटो टाकतो थांबा

सिन्नर_फाटा
टाकू नका 🙈 रंगवलेला आहे. ओकेनाइट पांढराच, फार तर किंचित पिवळट. गुलाबी, निळा, जांभळा, पोपटी हे सगळे शाईचे. कापसाच्या काडीवर ॲसिटोनचा थेंब घेऊन मागच्या कडेच्या केसांना टेकवा, बहुतेक वेळा काडीला रंग येतो. न आला तरी गुलाबी तो गुलाबीच. वाटी खरी असते, बेसाल्टची, त्यामुळे लोक फसतात.

नवखा_नाशिककर
😭 पुसून पांढरा होईल का

सिन्नर_फाटा
नाही हो. ओकेनाइटचे केस ओले झाले की एकमेकांना चिकटून लोळागोळा होतात, वाळल्यावर उभे राहत नाहीत. बोटही लावायचं नाही. धूळ बसली तर कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने लांबून हवा. राहू द्या तसाच, लेबलवर 'रंगवलेला' लिहा आणि पाहुण्यांना दाखवायला ठेवा.

सुट्टीतला_मास्तर
तोंडाने फुंकर मारू नका, कुठल्याच तंतुमय दगडावर. थुंकी उडते हा एक भाग. दुसरं म्हणजे बारीक तंतू नाकात जातात. एरिओनाइट नावाचा तंतुमय झिओलाइट कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेला आहे. नाव नक्की माहीत नसलेला केसाळ दगड म्हणजे झाकणाचा डबा, एवढाच नियम.

कातळवेडा
कोणीतरी गंज काढण्यावर लिहा ना. विहिरीच्या स्टिल्बाइटवर सगळा पिवळा-तांबडा लेप असतो.

घणछिन्नी
लिहितो. माझा निवडलेला नमुना तोच आहे, स्टिल्बाइटच्या दोन पेंढ्या एकमेकींना पाठ लावून, पीच रंगाच्या, खाली सेलाडोनाइट नावाचं हिरवं खनिज. आधी लेपानेच झाकलेला होता.

पहिलं म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल नको. कॅल्साइट काढायला लोक वापरतात, पण स्कोलेसाइट-मेसोलाइट त्यात विरघळून जेलीसारखे होतात, स्टिल्बाइट-ह्युलँडाइटही खराब होतात. दुकानात ज्यांची झळाळी मेलेली दिसते ते बहुतेक आम्लातून गेलेले. ऑक्झॅलिक आम्ल क्वार्ट्झला ठीक. इथे मात्र दगडातलं कॅल्शियम त्याच्याशी मिळून पांढरा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा थर बसतो, तो पाण्याने निघत नाही. गंज गेला, पांढरं आलं, असा सौदा.

चालतं ते वॉलरचं द्रावण. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ७१ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि साडेआठ ग्रॅम खायचा सोडा, हे विरघळलं की वापरायच्या वेळीच २० ग्रॅम सोडियम डायथायोनाइट. येवल्याकडचे रंगारी त्याला हायड्रो म्हणतात. आम्ल नसल्यामुळे कॅल्साइटही शाबूत राहतं. डबा काठोकाठ भरून झाकण लावा, कारण हवेने ते काही तासांत मरतं. पण घट्ट आवळू नका, वायू सुटतो. गंधकाचा वास येतो, घरात नको. रात्रभर ठेवा, पिवळं राहिलं तर नवं द्रावण करा, जुन्यातच पावडर वाढवून उपयोग नाही. नंतर साध्या पाण्यात निदान दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. हा भाग लोक टाळतात आणि मग महिन्याने कडांवर पांढरी बुरशी आली म्हणतात. ती बुरशी नसते, मीठ असतं.

हायड्रोचा डबा ओल्या हाताने उघडायचा नाही. ओल लागली की पावडर आपोआप तापते आणि पेटूही शकते.

आणि स्फटिकाच्या आतला तांबूस रंग यातून जात नाही. तो लेप नसतो, वाढताना आत अडकलेला असतो. तो घालवायचाही नाही, तीच त्याची किंमत.

गोदाकाठची_ताई
वाचून भूक लागली 😂 रविवारी मिसळ खायला कोण कोण येतंय, दगड घेऊन?

द्राक्षमळा
दगड घेऊन नको, तर्री सांडली तर वॉलरने निघेल का?

घणछिन्नी
तेलाला भांडी घासायचा साबण. लोखंड आणि तेल वेगळं.

महोदरी_घाट
कोणी फ्लोराइट लिहिला नाही म्हणून मी. सिन्नर तालुक्यात महोदरीच्या खाणीतले गोल पिवळे-तपकिरी फ्लोराइट, बारीक क्वार्ट्झच्या चादरीवर. फ्लोराइट म्हटलं की सगळे घनच शोधतात, हे गोळे आहेत. कॅल्साइटचे म्हणून स्वस्तात विकले जातात. सुई फ्लोराइटवरही ओरखडा काढते, पण तांब्याचं नाणं काढत नाही, कॅल्साइटवर काढते. ओरखडा मागच्या बाजूला, हे सांगायला नको. खालच्या क्वार्ट्झची कठीणता ७, म्हणून धुताना ब्रश क्वार्ट्झवर हवा तेवढा फिरवा, गोळ्यांवर नको. कपाटात एलईडी लावा, हॅलोजन नको, त्याची उष्णता फ्लोराइटला सोसत नाही.

कातळवेडा
वाघोलीचा कॅव्हनसाइट कोणाकडेच नाही? निळा रंग बघून मी तरी धागा त्यावरच भरेल असं धरलं होतं.

सिन्नर_फाटा
असेल की. पण तो पुण्याचा, नाशिकचं आधी. राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीतले २००१ चे हिरवे ॲपोफिलाइट गोळे पण मग घ्यावे लागतील. हिरवा रंग व्हॅनेडियम धातूचा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन बघा एकदा, आकाराचा अंदाज येतो.

वहीवाली
माझा नमुना दिसायला सर्वात सुमार. राखाडी स्टिल्बाइट, एक कोपरा तुटलेला, वर लहानसं कॅल्साइट. पण त्याच्याबरोबर पूर्ण नोंद आहे: गाव, विहिरीचा गट नंबर, जमिनीपासून किती फुटांवर, कोणत्या थरात, पोकळीत आधी काय आणि वर काय. तुटलेल्या कोपऱ्यात क्रम सरळ दिसतो. भिंतीला हिरवं सेलाडोनाइट, मग ह्युलँडाइट, त्यावर स्टिल्बाइट, शेवटी कॅल्साइट. अख्ख्या नमुन्यात हे झाकलं जातं. वर लिहिलेल्या देखण्या दगडांपैकी किती जणांकडे 'नाशिक' यापलीकडे काही लिहिलंय, सांगा बरं. व्यापारी जळगावचा मालही नाशिक म्हणून देतात.

लेबल चिठ्ठीवर ठेवलं तर चिठ्ठी हरवते. नंबर दगडावरच घाला. मागच्या बेसाल्टवर, स्फटिकावर नाही. आधी मास्तरांनी सांगितलेल्या बी-७२ चा एक ठिपका, वाळला की पांढऱ्या ॲक्रिलिकचा ठिपका, त्यावर चायनीज इंकने नंबर, वाळल्यावर वरून पुन्हा बी-७२. व्हाइटनर वापरू नका, पिवळं पडून सोलतं. बॉलपेन नको, फिकट होतं. वहीत तोच नंबर, आणि वहीचा फोटो दुसरीकडे. विकत घेतलेला असेल तर विक्रेत्याची मूळ चिठ्ठी, चुकीची वाटली तरी, फेकू नका. तिच्यावर खाडाखोड न करता शेजारी आपलं मत लिहा.

खडीक्रशर_शिंदे_पळसे
ताई, गट नंबर मिळवायचा तर मालकाला विचारावंच लागतं, म्हणजे परवानगीही आपोआप होते 👌 खाणीत न विचारता शिरणाऱ्यांनी हे वाचा. सुरुंग उडवल्यावर सुरुंगवाला मोकळं म्हणेपर्यंत तोंडाशी जायचं नाही, न फुटलेला बार आत राहतो. पावसाळ्यात उभ्या कड्याखाली तर नाहीच. आणि पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथला खडा उचलायचा नाही, वर ज्या खाणी म्हटल्या त्या वेगळ्या.

नवखा_नाशिककर
डिस्टिल्ड पाणी कुठे मिळतं? मेडिकलमध्ये छोट्या बाटल्या मिळतायत फक्त

घणछिन्नी
बॅटरीच्या दुकानात, पाच लिटरचा कॅन. 'बॅटरी वॉटर' मागा, पण त्यात ॲसिड नाही ना हे विचारून घ्या. दोन्ही कॅन शेजारी ठेवलेले असतात आणि दिसतात सारखेच.