जूनमध्ये टोकियोत बेसबॉल: डोम की जिंगू?
जूनमध्ये टोकियोत बेसबॉलचा सामना कुठे बघावा, असं विचारलं की बहुतेक जण पावसामुळे टोकियो डोम सुचवतात. छप्पर आहे, सामना होणार हे नक्की. पण एकच सामना बघायचा असेल तर माझं मत जिंगूला. 1926 चं उघडं मैदान, गाइएनमाए स्टेशनपासून पाचेक मिनिटं चालत. इथला यजमान संघ याकुल्टने धाव काढली की अख्खा स्टँड छोट्या छत्र्या नाचवतो. पावसात मात्र छत्री उघडू नका, मागच्याला काही दिसत नाही, पोंचो न्या. नऊपैकी पाच इनिंग पूर्ण व्हायच्या आत पावसाने सामना रद्द झाला तर पैसे परत, त्यानंतर थांबवला तर नाही.

आउटफिल्डचं (मैदानाच्या लांबच्या टोकाकडचं) तिकीट स्वस्त, पण तिथे उभं राहून गाणारे कट्टर पाठीराखे असतात. यजमानांच्या भागात पाहुण्या संघाची जर्सी चालत नाही. निवांत बसायचं तर पहिल्या बेसकडचं इनफील्ड (खेळपट्टीजवळची बाजू) घ्या. कॅनमधलं पेय गेटवर कागदी पेल्यात ओतून घ्यावं लागतं.

सोमवारी सहसा सामने नसतात, त्यामुळे तिकीट काढल्यावर मगच बाकीचे दिवस आखा. इतर दिवशी जिंगूत सहसा संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू.