'नापास' म्हणायचं की 'पेरणी उलटली'?

दारव्ह्याकडून
राज्यसेवेच्या तयारीत सहा वर्षं पुण्यात काढली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, पोस्ट काही निघाली नाही. गावी परतल्यापासून कोणी विचारलं की तोंडून एकच निघतं, "मी नापास झालो." परवा लग्नात एका पाहुण्यांनी विचारलं, "लागला काय बा कुठी?" मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "पेरनी उलटली त्याची. यंदा दुसरं काई पेरू." आवाजात जराही लाज नव्हती. घरी येईपर्यंत मला रडू आवरेना. पेरलेलं उगवलंच नाही की 'पेरणी उलटली' म्हणतात; माणसाबद्दल हा शब्द तुमच्याकडे वापरतात का?

अकोटहून
आमच्याकडे पिकापुरताच ऐकलाय, पण तुमच्या बाबांनी नेमका जागेवर ठेवला. 'नापास' मध्ये फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास'. नालायक, नाउमेद यांच्याच रांगेतला. विशेषण असल्यामुळे तो माणसालाच डकवला जातो : नापास पोरगा. 'माझी पेरणी उलटली' यात कर्ता पेरणी आहे. पेरणारा वाक्यात आहे, पण षष्ठीत. जबाबदारी त्याची, डाग त्याच्यावर नाही.

शिवाय पेरणी उलटली की शेतकरी पेरलेल्या ओळीत उकिडवा बसून बोटांनी माती उकरतो. बी सडलं? वरची माती कडक होऊन कोंब खालीच वाकला? की वाणी किडीनं खाल्लं? सोयाबीनसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणतात. आपण घाई केली का? हे कळल्याशिवाय दुबार पेरणीचं बियाणं आणायचं नाही. 'नापास' नंतर कोणी असं उकरून बघत नाही, पोरगं दार लावून घेतं.

वरूडहून
संत्र्याच्या पट्ट्यात 'ताण' शब्द आहे. बहार धरायला झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होतात, मग पाणी दिलं की फूल. पण अपयशाला सरसकट ताण म्हणू नये. ताण आपण जमीन बघून, दिवस मोजून देतो. पोरावर आलेली वेळ कोणी मोजून दिलेली नसते. "यातूनच बहार येईल" हे त्याला ऐकवू नका, जवळ बसा.

दारव्ह्याकडून
ताणाबद्दल पटलं. मला आणखी एक शब्द आठवला : 'फरदड'. कपाशीची उलंगवाडी करायच्या, म्हणजे वेचणी संपवून शेत मोकळं करायच्या वेळी तिलाच पुन्हा पाणी देऊन आणखी दोन वेचे काढायचे. हाती थोडं लागतं, पण गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. 2017 साली या अळीनं आमच्या जिल्ह्यात काय केलं ते डोळ्यांनी पाहिलंय. माझी शेवटची दोन वर्षं फरदडच होती. अभ्यासिकेत जागा धरून होतो, पुस्तक उघडं, पानं उलटत नव्हती. घरी मात्र "या वेळी होतंय" असंच सांगत राहिलो.

काल रात्री बाबांसमोर सगळं उकरलं. उत्तरं लिहायचा सराव कधी केलाच नाही, वाचतच राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता वावर मोकळं हाय ना?"

आपल्याकडे फसलेल्या हंगामाचे शब्द कापूस-सोयाबीनचे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, जिथे पऱ्हे (धानाची रोपं) टाकून रोवणी, म्हणजे लावणी करतात, तिथे रोवणी फसली की काय म्हणतात? आणि ते माणसाबद्दल कोणी बोललेलं ऐकलंय का?