मदत हवी आहे: साडेचार हजारांत महिन्याचा ऑनलाइन किराणा कसा बसवता?

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावचे, घरात पाच माणसं. किराण्याला महिन्याला साडेचार हजार, त्यावर एक रुपया नाही. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून बाजार माझ्या एकटीवर आलाय, म्हणून दोन महिने ऑनलाइन मागवतेय.

पहिला फटका तेलाचा. आमच्याकडे तेल किलोवर घ्यायची सवय, इथे पिशवी लिटरची. एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅमच! मागच्या खेपेला स्वस्त म्हणून घेतलेली पिशवी तर 750 ग्रॅमची निघाली. वजन लिहिलेलं होतं हो, पण मुंगीएवढ्या अक्षरात. आता किलोमागचा भाव काढल्याशिवाय बोट लावत नाही.

दुसरं दुखणं फ्री डिलिव्हरीचं. साठ-सत्तर रुपये कमी पडले की पोरगं मागून ओरडतं, 'आई, बिस्किटं टाक!' आणि मी टाकते.

दादर ज्वारी (आमच्याकडची रब्बीची) आणि कळण्याचे (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाचे) उडीद मात्र ओळखीच्या धान्यवाल्याकडूनच. दाणा हातात घेतल्याशिवाय भाकरीचा भरवसा वाटत नाही.

तर सांगा: तूरडाळ, शेंगदाणे, साखर ऑनलाइन परवडतं की दाणा बाजारातच बरं? सगळं एकदम मागवता की लागेल तसं? आणि ऑफरमधली पाच किलो डाळ पावसाळ्यात टिकते का, की शेवटी पोरकिड्यांनाच जेवण?